विश्लेषण : काडतूस ‘शिळे’ कधी होते? साठवलेल्या दारूगोळ्याचे आयुष्य नेमके कशावर ठरते?

औषधाच्या पट्टीवर तारीख असते, दुधाच्या पिशवीवर असते. काडतुसाच्या बुडावर मात्र फक्त ते कोठे आणि कोणत्या वर्षी तयार झाले एवढेच कोरलेले असते. ते कधीपर्यंत चालेल हे नसते. मग वीस वर्षांपूर्वीचे काडतूस चालते का? काडतूस भरण्यासाठी लागणारी दारू, टोपी, पुंगळी किती काळ टिकते? आणि न चालणारे काडतूस निरुपद्रवी असते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगायला हवे : नाही.

हा प्रश्न दापोडीत का विचारायचा?

दापोडीहून मेट्रोत बसले की मुळा नदी ओलांडून दोन-चार मिनिटांत बोपोडी आणि मग खडकी येते. हॅरिस पुलावरून दुचाकीने जाणाऱ्यालाही तेवढाच वेळ लागतो. या एवढ्याशा पट्ट्यात देशाच्या दारूगोळ्याचा मोठा इतिहास आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच्या शेजारचा उच्च क्षमतेच्या स्फोटकांचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये उभा राहिला. आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन १ ऑक्टोबर २०२१ रोजी ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यातील दारूगोळ्याची कंपनी ‘म्युनिशन्स इंडिया’ हिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. खुद्द दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणजे ‘सीएमई’ आहे. अभियंता दलाचे अधिकारी आणि जवान तेथे सुरुंग, स्फोटके आणि बॉम्ब निकामी करण्याचे शिक्षण घेतात. पाषाणला स्फोटकांवर संशोधन करणारी ‘एचईएमआरएल’ ही ‘डीआरडीओ’ची प्रयोगशाळा आहे. देहूरोडला दारूगोळा भांडार आहे, दिघीला साठ्याची जागा आहे.

म्हणजे दारूगोळा बनवणारे, तपासणारे, साठवणारे आणि निकामी करणारे असे चारही प्रकारचे लोक पिंपरी-चिंचवड आणि खडकीच्या परिसरात राहतात. याच परिसरातील हजारो घरांच्या बांधकाम परवानगीचे घोडे ज्या ‘रेड झोन’मध्ये अडले आहे, त्याचेही मूळ साठवलेल्या दारूगोळ्यात आहे. त्यामुळे दारूगोळा जुना होतो म्हणजे काय होते, हा इथल्या लोकांसाठी निव्वळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

काडतुसात नेमके जुने काय होते?

काडतूस ही एक वस्तू दिसते, पण असतात चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी किंवा छर्रे. बंदुकीचा घोडा ओढला की खिळा टोपीवर आदळतो, टोपीतील संवेदनशील मिश्रण पेटते, त्याची ज्योत दारूत जाते, दारूचा क्षणार्धात वायू होतो आणि त्याच्या दाबाने गोळी पुढे सुटते. पुंगळीचे काम दुहेरी आहे. सारे एकत्र धरून ठेवायचे आणि उडताना फुगून वायू मागे येऊ द्यायचा नाही.

या चौघांचे म्हातारपण वेगवेगळे. गोळीत शिसे असेल तर त्यावर पांढरी भुकटी येते, पण ती वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. पितळ नीट ठेवले तर शतकभर टिकते, वाईट ठेवले तर एका पावसाळ्यात तडकते. टोपीचे शत्रू ओल आणि तेल. खरा प्रश्न असतो तो दारूचा. बाकी तिघांना बाहेरून काहीतरी व्हावे लागते; दारू मात्र कोणी हात लावला नाही तरी आतल्या आत बदलत असते.

जुनी काळी दारू आणि आजची दारू यांत फरक काय?

सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू शिवकाळातही होती आणि कोकणात आजही शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीत तीच ठासतात. हे तीन पदार्थांचे साधे मिश्रण. त्यातील घटक एकमेकांशी आपोआप फारशी अभिक्रिया करत नाहीत. म्हणून कोरडी राहिली तर काळ्या दारूला जवळजवळ आयुष्यच नाही असे म्हणता येते. ओल लागली तर सोरा विरघळतो, मिश्रण बिघडते, दारू पेटत नाही. पण वाळली की पुन्हा पेटू शकते. २००८ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात यादवी युद्धाच्या काळातला, म्हणजे सुमारे १४० वर्षे जुना तोफगोळा साफ करताना एका संग्राहकाचा मृत्यू झाला. एवढ्या वर्षांनंतरही आतल्या दारूचा जोर गेला नव्हता. आपल्याकडे गडकोटांवर, विहिरींच्या गाळात सापडणाऱ्या गोळ्यांकडे पाहताना ही गोष्ट विसरू नये. भरीव लोखंडी गोळा आणि आत दारू भरलेला पोकळ गोळा गंजल्यावर बाहेरून सारखेच दिसतात.

आजच्या काडतुसात काळी दारू नसते. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूररहित दारू यशस्वीपणे तयार केली. ती कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची होती. काही प्रकारांत त्यात नायट्रोग्लिसरीनही असते. ही दारू काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस, धूर कमी, नळीत घाण कमी. पण तिची एक खोड आहे. ती तयार झाली त्या दिवसापासून मोडू लागते.

आतल्या आत मोडते म्हणजे काय होते?

नायट्रोसेल्युलोजच्या रेणूला जोडलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे गट कमकुवत धाग्याने बांधलेले असतात. खोलीच्या तापमानालाही त्यातले काही सुटत राहतात आणि नायट्रोजन डायऑक्साइड हा तांबूस वायू तयार होतो. हवेत किंवा दारूतच असलेल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की आम्ल बनते. हे आम्ल शेजारचे रेणू आणखी वेगाने मोडते. त्यातून पुन्हा वायू, पुन्हा आम्ल. आंब्याच्या पेटीत एक फळ नासले की शेजारची भराभर नासू लागतात, तसेच काहीसे. फरक एवढाच की येथे प्रत्येक पायरीला उष्णताही बाहेर पडते.

ही साखळी रोखण्यासाठी दारूत सुरुवातीलाच स्थिरक, म्हणजे ‘स्टॅबिलायझर’ मिसळतात. केवळ नायट्रोसेल्युलोज असलेल्या दारूत बहुधा डायफेनिलअमाइन असते, सुमारे एक टक्का. नायट्रोग्लिसरीनही असलेल्या दारूत सेंट्रलाइट वापरतात. स्थिरक मोडतोड थांबवत नाही. तो सुटलेला वायू लगेच पकडून ठेवतो, म्हणजे साखळी पुढे सरकत नाही. अर्थात एकदा पकडले की तेवढा स्थिरक खर्ची पडला. साठवलेल्या दारूचे आयुष्य म्हणजे प्रत्यक्षात या एक टक्क्याचे आयुष्य. तो संपत आला की वर्ष कोणतेही असो, दारू धोक्याच्या रेषेवर येते.

अमेरिकी लष्करात ही रेषा आकड्यात ठरलेली आहे. स्थिरक ०.३० टक्के किंवा त्याहून जास्त उरला असेल तर दारू साठवणीला योग्य मानतात. तो ०.२० टक्क्यांच्या खाली गेला तर ती दारू वेगळी काढून नष्ट करायची. तोवर कदाचित ती बंदुकीत व्यवस्थित उडतही असेल. म्हणजे ‘अजून चालते’ हा पुरावा पुरेसा नाही, हे सरावाने बंदूक वापरणाऱ्यांनाही पटायला जड जाते.

फ्रान्सने ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकली. व्हिएयच्या दारूवर चालणाऱ्या फ्रेंच नौदलाची ‘इएना’ ही युद्धनौका मार्च १९०७ मध्ये तूलाँ बंदरात दुरुस्तीसाठी असताना तिच्या कोठारात स्फोट झाले. सुमारे १२० माणसे गेली. सप्टेंबर १९११ मध्ये त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ फुटली आणि शेकडो लोक मृत्युमुखी पडले. दोन्ही वेळी शत्रूचा संबंध नव्हता. संशय जुन्या झालेल्या दारूवरच गेला. त्या काळच्या दारूत आजच्यासारखा भरवशाचा स्थिरक नव्हता.

उन्हाळ्याचा हिशेब कसा?

तापमान वाढले की रासायनिक क्रिया वेगाने होते. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना वेग निदान दुप्पट होतो. नायट्रोसेल्युलोजच्या बाबतीत तो त्याहूनही जास्त वाढू शकतो. समजा, एखादी दारू २० अंश सेल्सिअसला वीस वर्षे टिकणारी आहे. दुपटीचा सौम्य हिशेब धरला तरी ३० अंशांना तिची दहा वर्षे उरतात, ४० अंशांना पाच. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर, बंद कपाटात किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तो त्याहून बराच वर जातो. त्यामुळे ‘दारू किती वर्षांची’ या प्रश्नाआधी ‘ती वर्षे तिने कुठे काढली’ हा प्रश्न विचारावा लागतो. थंड तळघरातली चाळीस वर्षांची दारू आणि पत्र्याखालची आठ वर्षांची, यांत तरुण कोण हे जन्मवर्षावरून सांगता येत नाही.

आणखी एक बारकावा आहे. डबाभर दारू मोडू लागली तर तिची उष्णता डब्याच्या भिंतीतून बाहेर निघून जाते. म्हणून घरगुती प्रमाणातली दारू बहुधा पेट न घेता नुसती नासते. पण टनावारी दारूचा ढीग रचलेला असेल तर मधल्या भागातील उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. ती साचते, क्रिया आणखी वेगावते आणि एका क्षणी ढीग आपोआप पेटतो. कपाटातला धोका आणि कोठारातला धोका यांत हा मूलभूत फरक आहे. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे चूक.

सायप्रसमध्ये नेमके हेच घडले. २००९ मध्ये एका जहाजावरून जप्त केलेला दारूगोळ्याचा ९८ कंटेनरभर साठा तिथल्या नौदल तळावर उघड्या आभाळाखाली ठेवला गेला. दोन उन्हाळे गेले. ११ जुलै २०११ च्या पहाटे तो फुटला. नौदलाच्या प्रमुखासह १३ जण मरण पावले आणि शेजारचे वीजकेंद्र उद्ध्वस्त झाल्याने बेटाचा जवळपास निम्मा वीजपुरवठा गेला. कंटेनर सीलबंद होते, पहारा होता. फक्त सावली नव्हती.

पावसाळा पितळाला काय करतो?

इथे हिंदुस्थानचाच एक किस्सा जगभरच्या धातुशास्त्राच्या वर्गात सांगितला जातो. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ किंवा पागांतच साठवली जात. पावसाळा संपल्यावर पाहावे तर चांगल्या पुंगळ्यांना उभे तडे गेलेले. कोणी हात लावलेला नाही, काही आपटलेले नाही. ऋतू पालटला की तडे दिसतात म्हणून इंग्रजांनी त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हटले. कारण बरेच उशिरा, १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून स्पष्ट झाले. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटत होता. दमट हवेत तो पितळातल्या तांब्याशी अभिक्रिया करत होता. पुंगळी घडवताना तिच्या मानेत राहून गेलेला ताण त्या जागीच पितळाला फाडत होता.

उपाय सोपा निघाला. पुंगळीची मान तापवून सैल करायची, म्हणजे आतला ताण निघून जातो. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी डाग दिसतो, तो त्या तापवण्याचा. तो दोष नसून तपासणीची खूण आहे. मात्र अमोनिया आजही पितळाचा वैरी आहे, आणि तो आता पागेतून नव्हे तर फरशी-काच पुसण्याच्या बाटलीतून येतो. जुन्या पुंगळ्या चकाकवायला असले द्रावण वापरणे म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची चूक पुन्हा करणे.

पुंगळीवर हिरवट थर, गोळीभोवती हिरवी कड किंवा मानेशी बारीक तडा दिसला तर ते काडतूस बाजूला काढायचे असते. तडा गेलेली पुंगळी वायू रोखू शकत नाही आणि तो वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. हिरवा थर आतूनही आलेला असू शकतो. मोडणाऱ्या दारूचे आम्ल पितळ आतल्या बाजूने खाते. काडतूस उघडल्याशिवाय हे कळत नाही, आणि ते उघडणे हे घरी करायचे काम नव्हे.

आणि टोपी?

जुन्या टोप्यांमध्ये पाऱ्याचे फल्मिनेट असे. उष्ण हवामानात त्याचा जोर काही वर्षांत ओसरत जाई आणि उडवल्यावर सुटणारा पारा पुंगळीही ठिसूळ करे. ती पुंगळी पुन्हा भरण्याच्या लायकीची राहत नसे. आजच्या टोप्यांत शिशाचे स्टिफनेट असते. ते उष्णतेला बरेच दमदार आहे. दमट हवेपासून आणि तेलापासून जपले तर टोपी दशके टिकते. बंदूक पुसण्याचे पातळ तेल मात्र बारीक फटीतून आत झिरपते. काडतुसांना तेलाचा हात लावून ठेवण्याची जुन्या घरांतील सवय त्यांच्या मुळावर येते ती अशी.

टोपी अशक्त झाली की दोन गोष्टी होतात. एक तर ‘कट्’ असा आवाज येऊन काहीच होत नाही. दुसरी गोष्ट जास्त घातक. आवाज होतो, काही होत नाही, आणि माणूस बंदूक उघडायला जातो तेवढ्यात गोळी सुटते. यालाच ‘हँगफायर’ म्हणतात. म्हणून नेमबाजीच्या मैदानांवर नियम असतो की काडतूस फुसके गेले तर नळी लक्ष्याच्या दिशेनेच धरून निदान तीस सेकंद थांबायचे. अनेक ठिकाणी पूर्ण मिनिटभर थांबायला सांगतात. जुन्या काडतुसाच्या बाबतीत हे मिनिट फार मोलाचे असते.

मग तारीख का छापत नाहीत?

कारण एकाच दिवशी बनलेल्या दोन पेट्यांचे आयुष्य वेगळे असू शकते. म्हणून दारूगोळ्याच्या जगात तारखेपेक्षा ‘लॉट’ला महत्त्व आहे. एका वेळी, एकाच कच्च्या मालातून बनलेला माल म्हणजे एक लॉट. खडकीच्या जुन्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरे आणि वर्षाचे आकडे असतात, ती कारखान्याची आणि सालाची खूण. लॉटचा क्रमांक पेटीवर असतो. पेटी हरवली की काडतुसाची जन्मपत्रिकाच हरवते. नेमबाज मंडळी दारू किंवा काडतुसे मूळ वेष्टनातून काढू नका असे बजावतात ते त्यासाठीच. अनोळखी डब्यात ओतलेली दारू कोणती, केव्हाची आणि किती जोराची हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

लष्करात प्रत्येक प्रकाराला साठवण आयुष्याचा एक अंदाज दिलेला असतो. पण तो अंतिम शब्द नव्हे. ठरावीक काळाने प्रत्येक लॉटमधून नमुने काढून तपासले जातात. जुनी पद्धत इंग्रज रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक एबल याची : दारू ठरावीक तापमानाला गरम करायची आणि वर टांगलेल्या रासायनिक कागदावर डाग उमटायला किती वेळ लागतो ते पाहायचे. डाग लवकर पडला तर वायू लवकर सुटतोय, म्हणजे दारू खराब. अमेरिकी नौदलाने दुसरा मार्ग धरला. नमुना काचेच्या बाटलीत ६५.५ अंशांना ठेवून द्यायचा आणि तांबूस वाफ दिसायला किती दिवस लागतात ते मोजायचे. आता स्थिरकाचे उरलेले प्रमाण यंत्राने थेट मोजता येते. त्यात भर म्हणून काही काडतुसे प्रत्यक्ष उडवून वेग आणि दाब तपासतात. पुण्यात औंध रस्त्यावर लष्करी स्फोटकांच्या गुणवत्ता नियंत्रणाचे काम चालते. नमुन्यांची रसायनशाळा आणि कारखाना एकाच शहरात असण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे.

लष्कराला साठा ठेवणे टाळता येत नाही. कमाल ४० दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका दारूगोळा राखीव असावा, असे धोरण होते. तो पुरेसा नसल्याचे ‘कॅग’ने २०१५ च्या अहवालात सांगितले : १७० पैकी १२५ प्रकारांचा साठा किमान गरजेपेक्षाही कमी होता. त्यावर चर्चा बरीच झाली. त्याची दुसरी बाजू मात्र कमी बोलली जाते. राखीव साठा वाढवला की जुना होणारा साठाही वाढतो. तो वेळीच सरावात वापरून टाकणे, उरलेला तपासणे आणि बाद झालेला नष्ट करणे हे खरेदीइतकेच मोठे काम आहे, आणि त्याला खरेदीइतके कौतुक कधीच मिळत नाही.

बाद दारूगोळ्याचे पुढे काय होते?

तो नष्ट करावा लागतो, आणि तेच सर्वांत जोखमीचे काम. वर्धा जिल्ह्यातील पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार हे देशातील सर्वांत मोठे. तेथे ३१ मे २०१६ च्या पहाटे एका शेडला आग लागून स्फोट झाले. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अग्निशमन कर्मचारी आणि जवान मृत्युमुखी पडले. त्या शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग होते. सुरुंगांतील टीएनटी पाझरत असल्याची बाब नंतर चर्चेत आली. टीएनटी शुद्ध नसेल तर उष्णतेने त्यातील तेलकट अशुद्ध भाग बाहेर झिरपतो. सुरुंग जागच्या जागी, पण स्फोटक सांध्यांत, लाकडात, जमिनीवर. जुने होण्याचा हा आणखी एक प्रकार.

त्यानंतर अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी, पुलगावजवळच्याच मैदानात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा जण मरण पावले. त्यात स्थानिक मजूरही होते. ज्या मालाला कागदावर ‘निरुपयोगी’ म्हटले होते, त्यानेच जीव घेतला. निरुपयोगी हा शब्द दारूगोळ्याच्या बाबतीत फसवा आहे. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने १९७९ पासूनच्या नोंदी ठेवल्या आहेत. साठ्यांच्या जागी झालेले असे अनपेक्षित स्फोट जगभरात ६०० हून अधिक आहेत.

‘रेड झोन’चा याच्याशी संबंध काय?

संरक्षण बांधकाम कायदा १९०३ चा. त्याखाली लष्करी साठ्यांभोवती ठरावीक अंतरापर्यंत बांधकामाला बंदी घालता येते. देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवती ही हद्द दोन हजार यार्डांची, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरची आहे. दिघीत ती ११४५ मीटर आहे. तळवडे, चिखली, निगडी, किवळे, रावेत, दिघी, भोसरी या भागांत ‘रेड झोन’ हा शब्द घर घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो. हद्द कमी करा, ही मागणी दर निवडणुकीत होते.

रहिवाशांची अडचण खरी आहे. अनेक घरे हद्द जाहीर होण्याआधीची आहेत, आणि नोंदणी, कर्ज, पुनर्विकास सगळेच अडते. पण अंतर हे साठ्याच्या वजनावरून आणि तो एकदम फुटला तर किती लांबवर नुकसान होईल यावरून ठरते. वजन कमी न करता नुसती रेषा आत ओढली तर कागद बदलतो, धोका तसाच राहतो. साठा कमी ठेवणे, जुना माल वेगाने बाहेर काढणे, कोठारे जमिनीखाली नेणे किंवा भांडारच हलवणे, असे मार्ग आहेत. ते सारे खर्चिक आहेत आणि महापालिकेच्या हातात नाहीत. ‘रेड झोन’च्या सभांत हा मुद्दा क्वचितच येतो.

घरी काडतुसे भरता येतात का?

अमेरिकेत रिकामी पुंगळी उचलून तीत नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवणे हा लाखो लोकांचा छंद आहे. त्यामुळे तेथे दारूचे डबे दुकानात मिळतात आणि ‘किती वर्षे टिकते’ हा प्रश्न रोजचा आहे. भारतात तसे नाही. शस्त्र कायदा १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात. म्हणजे टोप्यांची डबी किंवा भरणयंत्र परवान्याशिवाय बाळगणे हाच गुन्हा ठरू शकतो. दारूच्या साठवणुकीवर स्फोटकविषयक नियमांचे वेगळे बंधन आहे, आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे.

शिवाय ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत वापरल्या जाणाऱ्या ०.२२ काडतुसात टोपी वेगळी नसते. पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते. ते पुन्हा भरताच येत नाही. पुण्यात रेल्वेत नोकरी करणाऱ्या, मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच प्रकारच्या काडतुसावर. या दर्जाचे नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीत उडवून पाहतात आणि जो जुळेल त्याचा साठा करतात. मग तो साठा स्पर्धेपर्यंत एकसारखा राहावा म्हणून थंड, कोरडी जागा लागते. त्यांच्यासाठी प्रश्न स्फोटाचा नसतो. दारूतील ओल थोडी इकडेतिकडे झाली की वेग बदलतो, आणि ५० मीटरवर दहाच्या वर्तुळातली गोळी नऊवर जाते.

खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ ही बारा बोअरची काडतुसे परवानाधारक शेतकऱ्यांच्या घरात सर्रास असतात. छर्ऱ्यांच्या काडतुसाची नळी जुन्या काळी पुठ्ठ्याची असे. पावसाळ्यात ती फुगते आणि बंदुकीत बसत नाही. फुगलेले काडतूस चाकूने तासून किंवा ठोकून बसवण्याचा प्रकार जुने लोक करत. तो जिवावर बेतू शकतो. प्लॅस्टिकच्या नळीला ही अडचण नाही, पण तिचे बूड पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असू शकते आणि ते गंजते.

घरात जुनी काडतुसे सापडली तर?

आजोबांच्या नावावर परवाना होता, ते गेले, बंदूक जमा झाली आणि काडतुसांचा डबा माळ्यावर राहिला, असे अनेक जुन्या घरांत असते. वाडा पाडताना किंवा घर बदलताना तो हाती येतो. दोन प्रश्न एकदम उभे राहतात. ती सुरक्षित आहेत का, आणि ती ठेवणे कायदेशीर आहे का? दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. परवानाधारक गेल्यावर किंवा परवाना संपल्यावर ती बाळगता येत नाहीत. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात.

पहिल्याचे उत्तर डबा उघडताच कधीकधी नाकाला कळते. चांगल्या धूररहित दारूला ईथरसारखा किंचित गोडसर वास असतो. आंबट, झोंबणारा वास, तांबूस भुकटी, डब्याच्या आतल्या पत्र्याला आलेला गंज यांपैकी काहीही दिसले तर दारू मोडू लागलेली आहे. वास यावा म्हणून मुद्दाम हुंगू मात्र नये. तो वायू फुप्फुसांना घातक आहे. डबा उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवायचा आणि पोलिसांना आधी फोन करायचा. डबा जुना, फुगलेला किंवा गळका असेल, किंवा आत काडतुसांऐवजी तोफगोळ्यासारखी, सुरुंगासारखी वस्तू असेल, तर ती उचलून ठाण्यात नेऊ नये. आहे तिथेच राहू द्यावी, लोकांना लांब करावे आणि ११२ वर कळवावे. बॉम्बशोधक पथक जागेवर येते.

घंटागाडीत टाकणे, मुळेच्या पात्रात भिरकावणे, अंगणात पुरणे किंवा होळीत घालणे, हे सारे प्रकार घडतात. घंटागाडीतले काडतूस कचरा दाबणाऱ्या यंत्रात जाते आणि तेथे उभा असलेला सफाई कर्मचारी त्याची किंमत मोजतो. ठाण्यात जमा करताना परवान्याची जुनी प्रत मिळाली तर सोबत न्यावी, काडतुसांची संख्या लिहून द्यावी आणि जमा केल्याची पावती घेऊन ती बंदुकीच्या कागदांसोबत जपून ठेवावी.